कुकरच्या शिट्टीला पळणारं पोर: घरात काय करायचं, बाहेर काय करायचं

आमच्याकडे सकाळी साडेसातला कुकर लागतो आणि पहिली शिट्टी व्हायच्या आधीच पोरगा बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायचा, बादलीशेजारी उकिडवा, दोन्ही हातांनी कान गच्च दाबून. तीन शिट्ट्या मोजायच्या आणि मगच बाहेर. सासूबाई म्हणायच्या भित्रा आहे, नवऱ्याचं म्हणणं शाळेचा कंटाळा, आणि मी, खरं सांगते, दोनदा धपाटेही दिलेत. आणि हाच मुलगा सोफ्यावरून लादीवर दिवसातून पन्नास उड्या मारणार, गुडघा फुटून रक्त आलं तरी दुसऱ्याने सांगितल्यावर कळणार, पॅसेजमधून जाताना भिंतीला खांदा घासत जाणार. आवाज नको तितका लागतो आणि मार लागतच नाही, हे एकाच पोरात कसं काय, हे समजायला मला दीड वर्ष गेलं.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. ती आहेतच, पण अजून तीन धरायची: एक तोलाची, जी कानाच्या आतल्या भागातून येते, दुसरी स्नायू आणि सांध्यांची, हात-पाय कुठे आहेत आणि किती जोर लागतोय ते सांगणारी, आणि तिसरी पोटातली, म्हणजे भूक, तहान, शू आली वगैरे. हे सगळं मेंदूत एकदम येत असतं आणि मेंदू त्यातलं बरंचसं बाजूला टाकतो. काही मुलांचं हे बाजूला टाकणंच नीट होत नाही, काहींपर्यंत निरोप पोचतच नाही म्हणून ती सारखी उड्या मारून, आपटून तो मागत राहतात. दोन्ही एकाच मुलात असू शकतं, आमच्यासारखं.

याला सेन्सरी म्हणजे संवेदनांचा त्रास म्हणतात. हा विचार मांडला जीन एअर्स नावाच्या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या थेरपिस्ट), त्यांचं मुख्य पुस्तक १९७२चं. पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, डॉक्टर लोक मानसिक आजारांच्या निदानासाठी जे डीएसएम-५ नावाचं अमेरिकन पुस्तक वापरतात (२०१३चं) त्यात हा वेगळा आजार म्हणून नाहीये, ऑटिझमच्या लक्षणांमध्ये मात्र आहे. २०१२मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलं होतं की हे स्वतंत्र निदान म्हणून लिहू नका. म्हणजे त्रास खोटा असं नाही हं! त्रास खराच आहे, पण त्याच्यामागे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा), अँग्झायटी काही आहे का ते बघितल्याशिवाय कोणी 'सेन्सरी इश्यू आहे, शंभर सेशनचं पॅकेज घ्या' म्हणालं तर चेक फाडू नका.

आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि साध्या गोष्टी तपासून घ्या. कानात मळ किंवा इन्फेक्शन, ऐकण्याची टेस्ट, डोळे, किडलेले दात, बद्धकोष्ठ, झोप. आमच्या ओळखीतली एक मुलगी सहा महिने 'खाण्याचे नखरे' करत होती, निघाली दाढ किडलेली.

मग पंधरा दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे, भिंतीवर टांगलेलंच असतं आणि दुधाचा हिशोब तिथेच होता. रडारड किती वाजता झाली, त्याच्या आधीचे दोन-तीन तास काय चाललं होतं, झोप किती झाली, पोटात काय होतं, कुठे गेलो होतो. हे आधीचे दोन-तीन तास महत्त्वाचे. सकाळची विरारहून निघालेली चर्चगेट फास्ट आठवा, अंधेरीला आत शिरणाऱ्या शेवटच्या माणसावर सगळा डबा खेकसतो, पण डबा भरला तो त्याच्यामुळे नाही ना, तो विरार, वसई, भाईंदर, बोरिवली करत भरत आला. पोरगा मोजे घालताना किंचाळतो तेव्हा मोजा हा अंधेरीचा माणूस असतो. आमच्या चौकोनांत दिसलं ते असं की सोमवार आणि गुरुवारी हमखास राडा, आणि त्याच दोन दिवशी शाळेत शेवटचा तास पीटीचा, हॉलमध्ये, साठ पोरं आणि शिट्टी.

आता घरात काय करायचं. सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट फुकटची आहे, ती म्हणजे जोर लावायचं काम. ढकलणं, ओढणं, उचलणं, दाबणं, चावणं. थेरपिस्ट याला हेवी वर्क म्हणतात. स्नायू-सांध्यांवर असा जोर आला की बरीचशी मुलं थोडी थाऱ्यावर येतात, उड्या मारणारीही आणि चिडचिडी पण. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं, तेव्हा अर्धी भरलेली छोटी बादली बाथरूममधून किचनपर्यंत आणणं हे त्याचं काम, चार खेपा. लादी ओली होते, पुसायची. त्याशिवाय कणीक मळणं, गादी ओढून गुंडाळणं, भाजीची पिशवी जिन्याने वर आणणं (लिफ्ट असली तरी), ओला टॉवेल पिळणं. हे शाळेच्या आधी दहा मिनिटं आणि शाळेतून आल्यावर दहा मिनिटं, राडा व्हायच्या आधी. राडा सुरू झाल्यावर बादली हातात दिलीत तर ती तुमच्या डोक्यात बसेल.

दुसरं म्हणजे अळूवडी. गोधडी पसरायची, पोराला काठावर आडवं झोपवायचं, गुंडाळायचं, डोकं आणि तोंड बाहेरच राहिलं पाहिजे, आणि मग वरून तळहाताने खांद्यापासून पायापर्यंत दाब देत जायचं, बेसन लावल्यासारखं. तो 'बस' म्हणाला की त्या क्षणाला सोडायचं, हा नियम मोडायचा नाही, आणि गुंडाळलेला असताना उठून जायचं नाही. ते वजनदार ब्लँकेट मिळतात ऑनलाइन, महाग असतात, आणि मे महिन्यात मुंबईत त्याच्याखाली कोण झोपणार? लहान मुलांना तर ते देऊच नका, ज्याला स्वतःहून अंगावरून काढता येत नाही त्याच्यासाठी ते धोक्याचं आहे. झोपाळा असेल तर पुढे-मागे संथ झोके शांत करतात, गोल गरगर फिरवणं उलट चेतवतं. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळ झाली तर लगेच थांबवा.

स्पर्शाचं एक गणित आहे जे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. हलका स्पर्श बोचतो, घट्ट दाब चालतो. म्हणून मावशीने प्रेमाने गालावरून बोटं फिरवली की पोर ओरडतं आणि बाबाने घट्ट कवटाळलं की हसतं. मावशीला राग येतो, येऊ दे. नखं कापायची तर आंघोळीनंतर, आधी प्रत्येक बोट चिमटीत घट्ट दाबून मग कापायचं. नवीन युनिफॉर्म चार-पाच वेळा धुवून काढा, स्टार्च अजिबात नको, मानेमागचं लेबल कात्रीने कापू नका कारण उरलेलं खुंट जास्त टोचतं, शिवणच उसवून पूर्ण काढा. मोजे उलटे घाला, शिवण बाहेर. मोठ्या भावंडाचे मऊ पडलेले जुने शर्ट मिळाले तर सोनं. पावसाळ्यात ओले मोजे म्हणजे दिवस गेलाच समजा, शाळेला आधीच चिठ्ठी देऊन जून ते सप्टेंबर सँडलची परवानगी मागा, आम्हाला दुसऱ्या चिठ्ठीला मिळाली.

केस कापणं हे वेगळंच प्रकरण. मशिनची घरघर नेमकी कानामागे, तोंडावर पाण्याचा स्प्रे, पावडरचा ब्रश, आणि कापलेले केस कॉलरमध्ये, म्हणजे सगळे शत्रू एकाच खुर्चीत. आम्ही भर दुपारी जातो, दुकान रिकामं असतं. सलूनवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलंय की फक्त कात्री, स्प्रे नाही, केस घरूनच ओले करून आणतो. बसायच्या आधी मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी चांगलं दाबते, चंपीसारखं. मग दहा कात्र्या, ब्रेक, परत दहा, मोजायचं त्यानेच. जुना टी-शर्ट घालून न्यायचा आणि तो तिथेच बदलायचा. पहिल्यांदा अर्धंच डोकं झालं आणि घरी आलो, दोन दिवस तसाच फिरला पोरगा, काही बिघडलं नाही.

खाण्यात जबरदस्ती नको. वरण-भात कालवलेला नको असेल तर ताटात वरण वेगळं, भात वेगळा. कुरकुरीत मागणाऱ्यांना कुरमुरे, खाखरा, काकडी द्या, पण लहानग्यांना अख्खे चणे-शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. नवीन पदार्थ ताटाच्या कडेला चिमूटभर, खाल्लाच पाहिजे असं नाही, तिथे असला तरी पुरे. मात्र खाणं चार-पाच पदार्थांवर आलं किंवा वजन थांबलं तर घरगुती उपाय बंद आणि डॉक्टर.

आवाजाबद्दल, अचानक आलेला आवाज आणि माहीत असलेला आवाज यात फार फरक असतो. मिक्सरचं बटण त्यालाच दाबू द्या. कुकरसाठी आम्ही पाटी ठेवली, तो हॉलमध्ये बसून प्रत्येक शिट्टीला एक रेघ मारतो, तीन झाल्या की मला ओरडून सांगतो गॅस बंद कर. कानावरचे इअरमफ जरूर घ्या पण मिरवणूक, फटाके, लग्नाचा हॉल एवढ्यापुरतेच, दिवसभर घातले तर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. मॉलच्या टॉयलेटमधलं हात सुकवायचं मशिन विसरू नका, रुमाल स्वतःचा न्या आणि दारातूनच बघा शेजारचं कोणी चालू करतंय का.

लोकलने जायचं तर अकरा ते चारमध्ये, जिथून गाडी सुटते तिथून बसा, आणि फास्ट गाडी हॉर्न देत धडधडत जाते तेव्हा प्लॅटफॉर्मच्या कडेपासून लांब जिन्याजवळ उभं राहा. मेट्रो बरी पडते, दारं बंद असतात.

एवढं करूनही कधीतरी रस्त्यात राडा होतोच. हट्ट आणि हा राडा यातला फरक बघून कळतो, हट्ट करणारं पोर मधे मधे तुमच्याकडे बघतं आणि कुल्फी मिळाली की थांबतं, याच्यात कुल्फीने काही होत नाही. तेव्हा शब्द कमी करा, प्रश्न विचारू नका, 'शांत हो' तर अजिबात नाही. भिंतीच्या बाजूला न्या, खाली बसा, तुमचं अंग गर्दी आणि त्याच्यामध्ये. जमणाऱ्या काकांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: 'त्याला आवाजाचा त्रास होतोय, जरा जागा द्या.' भाषण नंतरही देऊ नका, पाणी द्या आणि घरी जा.

शाळेत बाईंना लांबलचक रिपोर्ट देण्यापेक्षा तीन ओळींचा कागद द्या: दारापासून लांब बसवा, वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये नेण्याचं काम त्याला द्या, शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद करू नका.

थेरपीसाठी केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, खर्च प्रायव्हेटपेक्षा खूप कमी, रांगेची तयारी ठेवा. प्रायव्हेटला गेलात तर महाराष्ट्राच्या ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलचं रजिस्ट्रेशन विचारा, लाजू नका. ध्येय ठरवताना 'सेन्सरी सुधारणा' असलं मोघम नको, 'नखं न रडता कापणं' असं काहीतरी मागा आणि तीन महिन्यांनी बघा झालं का. आईबाबांना बाहेरच बसवणारी, घरी काय करायचं ते न सांगणारी जागा आम्ही सोडली. आणि काही थेरपिस्ट अंगावर ब्रश फिरवतात, ते यूट्यूब बघून घरी सुरू करू नका. सरकारी सर्टिफिकेटचंही सांगते, २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, नुसतं सेन्सरी म्हणून वेगळं काही नाही.

राहिले गणपती. आम्ही लालबागजवळ राहतो म्हणजे बघा. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, पण सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यामुळे त्या दिवसांत भांडण्यापेक्षा सोय बघितलेली बरी. शिवाय ढोल नुसता कानात नाही, छातीत वाजतो, इअरमफने ती धडधड थांबत नाही. आमची पद्धत अशी की आगमनाच्या आठ दिवस आधीपासून मोबाइलवर ढोल-ताशा हळू आवाजात, रोज दोन मिनिटं, आवाज कमी-जास्त त्याच्या हातात. मिरवणूक गच्चीवरून बघायची, पाच मिनिटं, मग खाली. दर्शनाची रांग नाही, घरच्या आरतीला झांजा त्याच्याच हातात. आणि अनंत चतुर्दशीला सरळ बदलापूरला आत्याकडे. बॅग आदल्या रात्रीच भरा, त्याची उशी आणि गोधडी पहिली, आणि सकाळी नऊच्या आत निघा, नंतर आमच्या गल्लीतून पाय ठेवायला जागा नसते.