लॅटिन ठेका गावच्या बँडात बसत नाही? या चुका टाळा

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मी ट्रम्पेट वाजवतो. हिवाळ्यात रात्रभर चालणारी नाटकं, उन्हाळ्यात लग्नं आणि उरलेल्या दिवसांत समाजमंदिरात आमची तालीम. या तालमीत आम्ही लॅटिन अमेरिकेकडचं नाचाचं संगीत वाजवतो: क्युबाचा सोन, चा-चा-चा आणि साल्सा. ढोलकवाले काकाजी तुंब्यावर, म्हणजे हातांनी वाजवायच्या उंच काँगा ढोलावर, बसतात, कीबोर्डवर शाळेतले गुरुजी, युफोनियम या जाड आवाजाच्या पितळी वाद्यावर एक शेतकरी भाऊ, मरकस, म्हणजे खुळखुळे, अकरावीतल्या पोरीच्या हातात. मला हे संगीत फार जवळचं वाटतं. प्रत्येकाने थोडंसंच वाजवायचं आणि ते सगळ्यांचं मिळून पूर्ण व्हायचं, असं ते बांधलेलं आहे. म्हणूनच एकाची चूक सगळ्यांना भोवते.

समेवर धावत जाणं

आपला कान समेवर वाढलेला. भजन असो की गावच्या नाचगाण्याची दंडार, सगळे फिरून एका मात्रेवर येतात. साल्सात बास, म्हणजे खालचे सूर धरणारं वाद्य, नेमका तिथेच गप्प बसतो. आठ मात्रा मोजा: बास वाजतो चौथीवर आणि सातवीवर, पहिलीवर नाही. त्यात सातवीवरचा सूर पुढच्या आवर्तनाच्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचा, असतो; पाहुण्याच्या आधी सामान यावं तसा.

आमच्याकडे बासचं काम युफोनियम करतं. भाऊंनी सुरुवातीचे दोन महिने प्रत्येक 'एक'वर दणकून सूर लावला आणि साल्साची वरात झाली. मी थांबवलं, तर काकाजी म्हणाले, "समेवर नाही आलं त ठेका कायचा, भाऊ?" प्रश्न रास्त होता. सम कुठे जात नाही, ती पायात ठेवायची. वाद्य खाली ठेवा, 'एक'वर पाय आपटा, चार आणि सातवर तोंडाने 'धूम' म्हणा. पाय न चुकता दहा मिनिटं चालला की मगच वाद्य उचला.

क्लेव उलटी पडणं

क्लेव म्हणजे लाकडाच्या दोन दांड्या आणि त्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा साचाही. या ठेक्याचा कणा हाच. तीनतालासारख्या सोळा मात्रा धरल्या तर ठोके १, ४, ७, ११ आणि १३ वर पडतात: पहिल्या आठांत तीन ठोक्यांची बाजू, पुढच्या आठांत दोन ठोक्यांची. तीनतालाच्या विभागांच्या सुरुवातीशी यातले दोनच जुळतात, पहिला आणि तेरावा. उरलेले तीन आडवे, आणि घसरतो आपण तिथेच. बासचे पहिले दोन सूर मात्र ४ आणि ७ वर क्लेवला येऊन मिळतात. हे ज्या दिवशी बँडात सगळ्यांना एकदम ऐकू आलं, त्या दिवशी तालीम रात्री बारापर्यंत चालली. रुम्बा या क्युबाच्याच दुसऱ्या प्रकारात तिसरा ठोका सातवरून आठवर सरकतो. एका मात्रेने सगळी चाल बदलते.

काही गाण्यांत दोन ठोक्यांची बाजू आधी येते: ३, ५, ९, १२, १५. धून एका बाजूने आणि क्लेव दुसऱ्या बाजूने सुरू झाली की ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण नाचणारे पाय थांबतात. हे माझ्या हातून एका मंडपात झालं आहे; माझा तुकडा मी अर्धं आवर्तन उशिरा उचलला. मला सावरायला क्लेववाल्या पोराने मध्येच बाजू पलटली आणि तुंबा, बास, कीबोर्ड तिघेही तुटले. तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे: क्लेव हलत नाही. चुकलेल्याने थांबायचं, दोन आवर्तनं ऐकायची आणि आत यायचं. नवं गाणं घेताना धून गुणगुणत टाळ्यांनी दोन्ही बाजू करून बघा. एका बाजूला शब्द सहज बसतात, दुसरीला ते ओढावे लागतात.

दांड्या टिपऱ्या करणाऱ्या सुताराकडून वाळलेल्या बाभळीच्या करून घ्या. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड. मुठीत आवळल्या तर आवाज मरतो. डाव्या हाताची पोकळ ओंजळ करून एक दांडी बोटांच्या टोकांवर नुसती टेकवा आणि दुसरीने मधोमध मारा.

तुंब्यावर ढोलक वाजवणं

ढोलकवाल्याचा हात रिकामी जागा सोडत नाही. तुंब्याच्या मूळ ठेक्यात आठपैकी तिसऱ्या मात्रेवर चापट आणि सातव्या-आठव्यावर दोन खुले बोल एवढंच ठळक ऐकू यावं. बाकीच्या मात्रा डाव्या हाताची टाच आणि बोटं कातड्यावर हलकेच ठेवत भरायच्या. काकाजींनी यासाठी स्वतःचे बोल बांधले, मग ते दोन दिवसांत बसलं. कातड्याचा तुंबा असेल तर कार्यक्रमानंतर नट सैल करा. चंद्रपूरच्या मे महिन्यात ताणलेलं कातडं फाटतं.

पट्टी आणि थंडी

गुरुजी 'सी' म्हणतात आणि सगळे आपापला 'सी' लावतात, मग कालवा होतो. ट्रम्पेटचा 'सी' म्हणजे हार्मोनियमची काळी पाच, अल्टो सॅक्सोफोनचा काळी दोन. पट्टी काळी-पांढरीतच सांगा. जानेवारीत उघड्या मंडपात पितळेचा सूर उतरतो आणि कीबोर्ड जागचा हलत नाही. आधी ट्रम्पेटमध्ये पाच मिनिटं गरम हवा फुंका, मग सूर जुळवा, आणि दोन गाण्यांनंतर पुन्हा तपासा.

कीबोर्डवरचं 'लॅटिन' लिहिलेलं तयार बटण दाबू नका. यंत्र थांबून कुणाचं ऐकत नाही. आणि सांबा ब्राझीलचा आहे. त्यावर क्युबाची क्लेव चिकटवू नका.

झील धरणाऱ्यांची घाई

गाण्याच्या उत्तरार्धात मुख्य गायक मनाने ओळी घालतो आणि बाकीचे एकच ओळ परत परत म्हणतात; हीच झील. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनावर वाढलेल्या गावाला हे शिकवावं लागत नाही. उलट ओळखीचं वाटतं म्हणून भजनमंडळातल्या बाया गायकाची ओळ संपायच्या आत उत्तर देतात. झील प्रत्येक वेळी त्याच मात्रेवर सुरू झाली पाहिजे आणि तेवढीच लांब राहिली पाहिजे. गायकाने उरलेल्या जागेत बसायचं, न बसल्यास ओळ सोडून द्यायची. आमच्याकडे झील धरणाऱ्या मावशी हातात टाळ घेऊन क्लेवचे पाच ठोके वाजवत गातात, त्यामुळे घाई आपोआप गेली. स्पॅनिश ओळ देवनागरीत पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर टांगा. चार शब्दांची ओळ पुरते.