चेरी लावायचीय? तयारी आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून)

पहिलं काम म्हणजे कोणती चेरी लावायची ते ठरवणं. काश्मीरची, शोपियान-गांदरबलकडची गोड चेरी आपल्या खानदेशातल्या अंगणात फळणार नाही. तिला हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी हजारेक तास मिळावी लागते, तेव्हा कुठे ती बहरते. धुळ्याचा पारा एखाद्या पहाटे सहा-सातवर येतो, पण दुपारी ऊन तापतंच. मे महिन्यातल्या जळगावच्या ४५ अंशांचं तर बोलायलाच नको. त्यामुळे ऑनलाइन ‘काश्मिरी चेरीचं रोप’ कितीही स्वस्त दिसलं तरी हात आवरा. (केकवरची लाल चेरी म्हणाल, तर ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं.)

आपल्याला जमते ती वेस्ट इंडियन चेरी, म्हणजेच बार्बाडोस चेरी किंवा असेरोला. पुरुषभर उंचीचं झुडूप, आंबटगोड लाल फळं आणि संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व. नर्सरीत नुसतं ‘चेरी’ म्हणून मागू नका, कारण त्या नावाखाली तीन-चार वेगळी झाडं विकतात. पानं समोरासमोर, चकचकीत आणि फुलं गुलाबी, झालरीच्या पाकळ्यांची असतील तर ते आपलं झाड. पानं लवदार, किंचित चिकट आणि फुलं पांढरी असतील तर ती सिंगापूर चेरी. ती बघता बघता गच्चीपर्यंत जाते, लहान अंगणात नको. बियांचं रोप घेण्यापेक्षा गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) किंवा फाटे कलम (फांदीचा तुकडा रुजवून केलेलं) घ्या, फळ लवकर धरतं.

जागा निदान सहा तास उन्हाची हवी, भिंतीपासून सात-आठ फूट लांब. आणि एक पथ्य आपल्या भागात विशेष पाळायचं: जिथे भरताची वांगी किंवा टोमॅटो होते तो वाफा टाळा. वांग्याच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत) मातीत राहतात आणि या झाडाची मुळंही त्यांना तितकीच प्रिय आहेत. दुसरी जागाच नसेल तर आधी तिथे झेंडू घ्या.

आखाजी झाली की दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा खणून उन्हात तापू द्या. मग बादलीभर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही तळाशी साचलेलं दिसलं तर आपली काळी माती निचरा करत नाहीये. तापीकाठची ही माती केळी-कपाशीला सोनं, पण पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. असेरोलाची मुळं वरवरची, त्यामुळे त्यांना दोन्हींचा त्रास. खणलेल्या मातीत मुरूम किंवा जाड वाळू, कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा आणि वर वीतभर उंचवटा ठेवा. ताजं शेण अजिबात नको.

मृगाचा पहिला शिरवा आला म्हणून घाई करू नका. जमीन नीट भिजली की रोप लावा, सोबत बांबूचा आधार. पिशवीतली माती फुटू न देणं महत्त्वाचं.

पाण्याची सोय मात्र आधीच करून ठेवा. ठिबकचा एक ड्रिपर पुरे. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ती लोहाची कमतरता, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारलं की सुधारते. पहिल्या उन्हाळ्यासाठी पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) आडोसा किंवा शेडनेट आणि बुंध्याभोवती केळीच्या वाळल्या पानांचं आच्छादन लागेल. पऱ्हाटी घेताना पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड) नाही ना, ते झाडून पाहा.

पिकलेली फळं दोन-तीन दिवसांतच नासतात, म्हणून ती बाजारात फारशी दिसत नाहीत. तोडायची आणि त्याच दिवशी खायची किंवा सरबत करायचं. पण चांगलं फळ धरायला कलमालाही दोनेक वर्षं जातात, तोवर बुलबुलांसाठी जाळी आणण्याची घाई नको.