कुळकायद्याची केस वर नेताय? अपील, रिव्हिजनमध्ये काय चालतं आणि काय नाही

तहसीलदाराचा निकाल विरोधात गेला की एक वाक्य ठरलेलं, "जाऊ दे, वर जाऊन बघू." जा की, पण प्रत्येक पायरीवर (आधी अपील, मग रिव्हिजन म्हणजे फेरतपासणी, शेवटी हायकोर्ट) ऐकणाऱ्याचे अधिकार कमी होत जातात हे आधी डोक्यात ठेवा. खाली लिहिलंय ते १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं. विदर्भाला १९५८ चा आणि मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा कायदा लागतो, तिथं कलमांचे नंबर वेगळे.

१. ऑर्डर नेमकी कशाखाली झालीय?
कुळ आहे की नाही (कलम ७०ब), कुळाने जमीन खरेदी करायची किंमत (कलम ३२ग), की नुसता फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याचा वाद? फेरफाराचं अपील जमीन महसूल अधिनियमाखाली जातं, त्याचा रस्ताच वेगळा, आणि चुकीच्या टेबलावर फाईल पडली की वर्षं जातात. सिव्हिल कोर्टात पळूनही उपयोग नाही कारण कलम ८५ मुळे कुळाचा मुद्दा त्यांना ठरवता येत नाही, ८५अ खाली तो तहसीलदाराकडेच पाठवावा लागतो.

२. नक्कल लगेच मागा
अपील असो की रिव्हिजन, मुदत ६० दिवस (कलम ७९). सर्टिफाईड नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा होतो, म्हणून अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख तिच्यावर नीट पडलीय का ते काउंटरवरच बघून घ्या. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडा आणि खरं कारण लिहा, "आजारी होतो" एवढ्यावर भागत नाही, कागद लागतो. स्टे, म्हणजे निकालाला स्थगिती हवी असेल तर त्याचा अर्ज वेगळा द्या, अपील टाकलं की स्टे आपोआप लागतो असं धरून चालू नका.

३. अपील, म्हणजे जोर लावायची जागा
कलम ७४ खाली कलेक्टरकडे, ऐकतात बहुतेक वेळा प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. इथं पुरावा नव्याने तोलता येतो, साक्षीदार खरा की खोटा यावरही भांडता येतं. म्हणजे समजा समोरचा म्हणतोय मी कुळ आणि तुमचं म्हणणं तो मजुरीवर ठेवलेला गडी होता, तर मजुरीचे कागद, १ एप्रिल १९५७ म्हणजे कृषक दिनाच्या (कायद्याने कुळाला जमिनीचा खरेदीदार मानलं तो दिवस) आसपासची पीक पाहणी, खंडाच्या (जमिनीच्या भाड्याच्या) पावत्या सगळं इथंच मांडा. खाली राहून गेलेला कागद असेल तर तो दाखल करायची परवानगी मागा आणि आधी का दिला नाही तेही सांगा. "हे रिव्हिजनला काढू" म्हणणारा वकील भेटला तर दुसरा शोधा.

अपीलच केलं नसेल तर ७६अ खाली कलेक्टर स्वतःहून रेकॉर्ड मागवू शकतात, पण ऑर्डरपासून एक वर्षाच्या आत, आणि तो तुमचा हक्क नाही, त्यांचा अधिकार आहे.

४. रिव्हिजन (कलम ७६)
हे महसूल न्यायाधिकरणाकडे, सगळे एमआरटी म्हणतात. मुद्दे तीनच: ऑर्डर कायद्याविरुद्ध आहे, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा ठरवलाच नाही, किंवा कार्यपद्धतीत एवढी मोठी चूक झाली की न्यायच झाला नाही. "माझ्या साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता" हे इथं चालत नाही, दुसरं मत निघू शकतं म्हणून एमआरटी निकाल फिरवत नाही.

मग तीच तक्रार मांडायची कशी? "प्रांतांनी पुरावा चुकीचा वाचला" असं मोघम लिहू नका. लिहा की अमुक सालची पीक पाहणी निशाणी (पुराव्याचा नंबर) अमुक म्हणून रेकॉर्डवर आहे, निकालात तिचा उल्लेखच नाही, आणि ती धरली असती तर निष्कर्ष बदलला असता. महत्त्वाचा पुरावा बघितलाच नाही किंवा पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, ही कायद्याची चूक होते. नोटीस न देता ऐकलं, उलटतपासणी करू दिली नाही, हे तिसऱ्या मुद्द्यात बसतं, पण त्याने नुकसान काय झालं ते दाखवावं लागतं. पाच ठोस ग्राउंड (आक्षेपाचे मुद्दे) पुरतात, तीस ग्राउंडची रिव्हिजन कोणी मन लावून वाचत नाही.

५. हायकोर्ट
दुसरं अपील या कायद्यात नाही. उरते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ ची रिट, आणि तिथं फक्त खालच्यांनी अधिकाराची हद्द पाळली का, निष्कर्ष अगदीच विकृत, म्हणजे पुराव्याला धरून अजिबात नसलेला आहे का एवढंच बघतात. एक केस मात्र तिथं बऱ्यापैकी उभी राहते, एमआरटीनेच ७६ ची हद्द ओलांडून पुरावा नव्याने तोलला असेल तर. तुम्ही प्रांतांकडे जिंकून एमआरटीत हरला असाल तर आधी तेवढंच तपासा.