फ्रेंच शब्द सिलॅबलमध्ये तोडून वाचताना

फ्रेंच शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला पहिली धास्ती वाटते ती शब्दाच्या शेवटी लिहिल्या जाणाऱ्या, पण न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची. नवशिक्यांना शिकवताना माझे मत मात्र असे झाले आहे की आधी शब्द सिलॅबलमध्ये, म्हणजे एकेका स्वराभोवतीच्या उच्चाराच्या तुकड्यांत, तोडायला शिकावे, कारण एखादा स्वर अनुनासिक होणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरते.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल, तर ते पुढच्या स्वराकडे जाते. दोन असतील तर एक मागे राहते, जसे ‘पार-तीर’ (निघणे). मात्र दुसरे व्यंजन ‘ल’ किंवा ‘र’ असेल तर जोडी सहसा फुटत नाही, म्हणून ‘ता-ब्लो’ (चित्र).

आता ‘आय-एन’ हा एकच नकारार्थी उपसर्ग असलेले दोन शब्द पाहा. ‘असमर्थ’ या अर्थाच्या शब्दात उपसर्गापुढे व्यंजन येते, त्यामुळे ‘न’ पहिल्या सिलॅबलमध्येच राहतो, स्वतः ऐकू येत नाही आणि स्वराला अनुनासिक करतो: ‘ॲँ-का-पाब्ल’. ‘निष्क्रिय’ या अर्थाच्या शब्दात पुढे स्वर असल्याने तोच ‘न’ दुसऱ्या सिलॅबलमध्ये जातो आणि आधीचा स्वर साधा राहतो: ‘ई-नाक-तीफ’. आपण ‘अंत’ हा शब्द ‘अन्त’ असा उच्चारतो. त्या सवयीने फ्रेंच अनुनासिकामागेही व्यंजन डोकावते. ते टाळण्यासाठी जीभ टाळूला कुठेही टेकू न देता स्वर लांबवून पाहावा. कोकणीत अनुनासिक स्वर आजही जिवंत असल्याने गोव्याच्या विद्यार्थ्यांना हे लवकर साधते.

इंग्रजीतला आघात इथे आणू नये. फ्रेंचमध्ये सिलॅबल जवळपास सारख्या वजनाचे असतात आणि जोर पदसमूहाच्या शेवटी पडतो. शब्दाच्या शेवटचा ‘ई’ (रोमन अक्षर e) लिहिताना मोजला जातो, पण बोलताना बहुधा गळतो. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र तो बऱ्याचदा ऐकू येतो.

एकेक शब्द जमला की पूर्ण पदसमूह तोडायला घ्यावा, कारण सिलॅबल शब्दाची सीमा पाळत नाहीत. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘ले-झा-मी’ (मित्रमंडळी) होते. ‘बों’ (चांगला) या विशेषणापुढे ‘आमी’ आला की ‘बो-ना-मी’ होऊन अनुनासिक जातो, पण ‘मों’ (माझा) पुढे बहुतेक जण ‘मों-ना-मी’ म्हणत तो टिकवतात. अशा जोड्या ध्वनिमुद्रण ऐकत, पेन्सिलीने उभ्या रेघा मारूनच पक्क्या कराव्यात.