दारेसलाममध्ये गटाराची रेघ मारण्याआधी

टांझानियात पूरनियंत्रणाच्या किंवा शहरसुधारणेच्या प्रकल्पावर येणार असाल, तर तिकीट एप्रिलचं काढा. कंपनी तुम्हाला जुलै-ऑगस्टमध्ये पाठवायला बघेल, कारण तेव्हा हवा गार असते आणि गाडी थेट साइटपर्यंत जाते. त्या दिवसांत शहर बघून कोणीतरी आखलेली गटारं मी येता-जाता ओलांडते. वरच्या टोकाला कोरडी ठणठणीत, खालच्या टोकाला काठोकाठ वाळू. इथला मोठा पाऊस म्हणजे मसिका, मार्च ते मे. लहान पाऊस वुली, ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिलमध्ये दोन दिवस चिखलात फिरलात तर अहवालाची निम्मी पानं आपोआप गळतील.

मी मूळची कोल्हापूरची, कामाने गटारवाली. पुण्यात नाल्यांवर काम केलं, मग नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि इथल्याच नाल्यांत अडकले. भारतातून नव्याने येणारी पोरं-पोरी विचारतात, "ताई, हे हवामानबदलाला तोंड देणारं, कमी कार्बनचं शहर करायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" माझं उत्तर एवढंच असतं: पाण्याची वाट आणि पायी चालणाऱ्यांची वाट आधी शोधा, आणि शक्यतो दोन्ही एकाच रेघेत बसवा. पंप, भिंती, विजेच्या बसगाड्या, हे सगळं त्यानंतर.

मुंबईकरांसाठी एक सूचना. दारेसलामला वर्षाला साधारण 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या निम्मा. आकडा बघून हसू नका. शहराची लोकसंख्या 2012 च्या जनगणनेत 43 लाखांवर होती, 2022 मध्ये 53 लाखांवर गेली. दहा वर्षांत दहा लाख माणसं वाढली आणि त्यातल्या बहुतेकांनी घरं बांधताना कोणाच्या मंजुरीची वाट बघितली नाही, बघून उपयोगही नव्हता. जिथे पाणी मुरायचं तिथे पत्रे आणि सिमेंट आलं. म्सिंबाझी नदी पुगूच्या टेकड्यांकडून वाळू घेऊन येते आणि जांगवानीच्या सखल भागात, म्हणजे ऐन शहराच्या मध्यात, टाकून देते. पात्र दरवर्षी थोडं उथळ होतं. पाऊस तेवढाच पडला तरी पूर मोठा येतो.

पहिला आठवडा भिंती वाचण्यात घालवा. येण्याआधी 'रमानी हुरिया'चे नकाशे उतरवून घ्या. 2015 पासून इथल्या 'आर्धी' नावाच्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि वस्तीतल्या लोकांनी गल्लीगल्ली फिरून घरं, नाले, पाणी साचणाऱ्या जागा खुल्या नकाशावर चढवल्या आहेत. सल्लागार कंपन्या याच गोष्टींसाठी वेगळे पैसे लावतात, म्हणून आधीच सांगते. नकाशा हातात धरून चालायला लागलात की घरांचे उंबरे दिसतील. नदीकाठच्या वस्तीत गुडघ्याएवढा उंबरा बांधून काढलेला असतो, आणि तो ओलांडून आत पाऊल टाकलं की दोन पायऱ्या उतराव्या लागतात. गल्लीत दर वर्षी भराव पडत गेला, घर तिथेच राहिलं. उंबऱ्याच्या सिमेंटचे थर वेगळ्या रंगांचे दिसतात. एकेक थर म्हणजे एकेक पूर. भिंतीवर तपकिरी रेघ असते, तिच्या वर कधीकधी आणखी एक फिकट रेघ. इथे टेप लावताना जमिनीपासून मोजू नका, कारण जमीनच वर सरकते आहे. जवळच्या पुलाचा कठडा किंवा मशिदीचा जोता अशी पक्की खूण धरा आणि तिथून पातळी घ्या.

मग विचारा. "पाणी किती आलं होतं?" असं विचारलं की प्रत्येक जण हात छातीला लावतो. त्याऐवजी "पाणी आधी कुठल्या बाजूने आत आलं आणि तुम्ही काय उचललं?" असं विचारा. गादी, तांदळाचं पोतं, टीव्ही उचलला असेल तर तासभर मिळाला होता. फक्त पोरं उचलली असतील तर दहा मिनिटंही नव्हती. पूर्वसूचनेची यंत्रणा कुठे लागेल हे त्या एका उत्तरातून कळतं. शेजारशेजारच्या तीन घरांत विचारा. उत्तरांत वीतभराहून जास्त फरक पडला तर कोणीतरी वेगळ्या वर्षाचा पूर सांगतंय. डिसेंबर 2011 चा पूर मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे, त्याच्यावरून बाकीची वर्षं लावता येतात.

वस्तीत शिरण्याची रीत आहे आणि ती टाळता येत नाही. पालिकेचं पत्र घ्यायचं, ते काता म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत द्यायचं, तिथून म्ताच्या कचेरीत. म्ता म्हणजे आपला मोहल्ला समजा. तिथे निवडून आलेला अध्यक्ष असतो, म्वेन्येकिती, आणि पगारी अधिकारी, म्तेंदाजी. पत्र म्तेंदाजीकडे, चहा म्वेन्येकितीबरोबर. वयस्कर माणूस दिसला की "शिकामू" म्हणा, मग कामाचं बोला. आणखी एक गोष्ट कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते: लोक तुम्हाला मुहिंदी समजतील, म्हणजे कारियाकू बाजाराजवळच्या भारतीय दुकानदारांपैकी एक. जुन्या ब्रिटिश आराखड्यात इंडियन वस्ती आणि आफ्रिकी वस्ती यांच्यामध्ये म्नाझी म्मोजाचं मोकळं मैदान ठेवलं होतं, ते अंतर अजून माणसांच्या बोलण्यात सापडतं. स्वाहिली मोडकीतोडकी का होईना, बोला. गाडीतून उतरून चाला. दोन आठवड्यांत अंतर कमी होतं.

संडासाबद्दल विचारायला लाजू नका. शहराच्या फार थोड्या भागात मैलावाहिनी आहे, बाकी सगळे खड्डे. खड्डा उपसायचे पैसे नसले की पावसाची वाट बघतात आणि जोराची सर आली की त्याला भोक पाडून मैला गल्लीत सोडून देतात. कुतापिशा म्हणतात त्याला. तुमचं पावसाचं गटार कागदावर पावसाचं असतं. एप्रिलमध्ये त्यातून काय वाहतं ते तिथल्या बाईला विचारा. म्हणून पूरप्रकल्पाच्या अंदाजपत्रकात खड्डे उपसण्याची सोयही घाला, अरुंद गल्लीत जाणाऱ्या छोट्या पंपाची आणि तीनचाकी गाडीची. मोठा टँकर त्या गल्ल्यांत शिरत नाही.

आता गटार. पाण्याचं गणित तुम्हाला येतंच. इथे गटार तुंबतं ते वाळूने आणि कचऱ्याने. वाळू कुठे थांबवायची ते आधी ठरवा: वरच्या अंगाला, जिथे ट्रक मागे घेता येईल तिथे वाळूचा हौद. ट्रक पोचत नसेल तर हौद पहिल्याच मसिकात भरेल आणि पुढच्या वर्षी त्यात कोणीतरी मुचिचा लावलेला असेल. मुचिचा म्हणजे आपला माठ, भाजी चांगली येते, पण तुम्ही त्यासाठी हौद बांधला नव्हता.

झाकणांवर मात्र वेळ घालवा, कारण माझ्या मते या शहरातला सगळ्यात कमी कार्बनचा रस्ता म्हणजे गटाराचं झाकण. वस्तीतले बहुतेक लोक कामाला, बाजाराला, शाळेला पायी जातात किंवा दलादला, म्हणजे खासगी मिनीबस, तिच्या थांब्यापर्यंत पायी जातात. पायवाट म्हणून जागा कुठेच सोडलेली नाही, आणि गल्लीत वेगळी काढायला जागाही नाही. गटार गल्लीच्या कडेला घ्या आणि त्याच्यावर झाकणं टाका, पायवाट तयार. झाकण 60 सेंटिमीटर लांब, 40 रुंद, 8 जाड ठेवलं तर वजन 46 किलोच्या आसपास भरतं, दोघांना उचलता येतं. मोठं केलंत तर सफाईला क्रेन लागेल, म्हणजे सफाई होणार नाही. उचलायला लोखंडी कडी बसवू नका, ती भंगारात जाते. कडेला हात जाईल एवढी खाच ठेवा. झाकणात सळईची जाळी घाला, कारण तुम्ही पायी चालणाऱ्यांसाठी केलंत तरी बोडाबोडावाला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाला, त्याच्यावरून गाडी नेणारच. बजाजी, म्हणजे रिक्षा (हो, आकुर्डीवाली), जिथे वळते त्या कोपऱ्यावर जाड झाकण आणि बाजूला दगडाचा खुंटा.

जिथे जागा आहे तिथे सिमेंटचं अस्तर नको. एक टन सिमेंट बनवताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उतार सौम्य असेल तर गवताची चारी पुरते, पाणीही मुरतं. कंत्राटदार नाखूष होईल. त्याला घनमीटरवर पैसे मिळतात.

पाण्याची वाट न बघता बांधल्याचं उलटं उदाहरणही इथेच आहे. मे 2016 मध्ये किमारा ते किवुकोनी अशी 21 किलोमीटरची जलद बससेवा सुरू झाली, लोक तिला म्वेंडोकासी म्हणतात. 2018 चा शाश्वत वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार तिच्यामुळे शहराला मिळाला, आणि सेवा खरोखर उपयोगाची आहे. पण आगार बांधलं जांगवानीला, म्सिंबाझीच्या पूरमैदानात. मसिकात आगारात पाणी, पुलावर पाणी, आणि रस्ता बंद. महाराष्ट्रात आपण निळी आणि लाल पूररेषा आखतो आणि मग तिच्या आत बांधकामं होऊ देतो, त्यामुळे नाक मुरडायचा अधिकार मला तरी नाही. 2022 मध्ये जागतिक बँकेने म्सिंबाझी खोऱ्यासाठी 20 कोटी डॉलर मंजूर केले, त्यात उंच पूल आणि आगार हलवणं आहे. तुमच्या प्रकल्पात सौर दिवे, विजेच्या बस, काहीही असो, त्या जागेची पूरपातळी पहिल्या पानावर लिहा.

लोकांना हलवायची वेळ आली तर जपून. 2011 च्या पुरात चाळीसेक माणसं गेली. त्यानंतर सरकारने शहराच्या उत्तर टोकाला माब्वेपांडे इथे भूखंड दिले. बरेच जण खोऱ्यात परत आले, कारण काम शहरात होतं आणि बसभाडं रोजचं होतं. पुनर्वसनाच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा: कामाची जागा, तिथवरचं भाडं, आणि घर मालकीचं की भाड्याचं. भाडेकरू तक्त्यात नसला तर भरपाईत नसतो, पण पुरात असतो.

स्वयंपाकाच्या इंधनाकडे स्थापत्यवाले बघत नाहीत. बघा. दारेसलामची चूल अजून मोठ्या प्रमाणात म्काआवर, म्हणजे लोणारी कोळशावर चालते, आणि त्यासाठी शहराबाहेरची झाडं तुटतात. 2034 पर्यंत 80 टक्के लोकांनी स्वच्छ इंधनावर रांधावं असं सरकारचं धोरण आहे. अडचण किमतीत नाही, हप्त्यात आहे. कोळसा डब्याडब्याने, आजच्या कमाईतून मिळतो. सिलिंडरला एकदम पैसे लागतात. थोडे थोडे पैसे मोबाइलवरून भरायची गॅसची सोय असेल तिथे लोक पटकन वळतात. मी शेजारणींना आपला शिट्टीचा कुकर दाखवला होता. महारागे, म्हणजे इथला राजमा, कोळशावर दोन-तीन तास रटरटतो. कुकरमध्ये तो किती लवकर झाला ते बघून कार्बनबद्दल एक शब्द न बोलता चर्चा कुकर कुठे मिळतो यावर गेली.

झाडं लावायचा कार्यक्रम प्रत्येक प्रकल्पाला चिकटवलेला असतो. लावायचाच असेल तर सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउनची पद्धत उचला. तिथे 2017 च्या ऑगस्टमध्ये डोंगर कोसळून हजाराहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली; पुढे महापौर इव्हॉन आकी-सॉयर यांनी दहा लाख झाडांची मोहीम घेतली. रोपाला क्रमांक, फोनमध्ये फोटो, आणि ते जगलंय का हे परत जाऊन बघणाऱ्या वस्तीतल्या माणसाला पैसे. खड्डे खणण्याचं बिल आपणही देतो. पुढच्या वर्षी रोप बघायला जाणाऱ्याचं कोण देतं?

गटारालाही तेच लागू. नालेसफाईचे पैसे बांधकामाच्या करारातच बाजूला काढा, निदान तीन मसिकांचे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इथे सफाईचा दिवस असतो, लोक बाहेर पडतात, पण फावडी आणि गाळ उचलणारी गाडी नसली तर काढलेला गाळ काठावरच राहतो आणि पुढच्या सरीला परत आत जातो. गाडी कोण पाठवणार, त्याचं नाव करारात हवं.

जाताना आराखड्याची मोठी प्रत छापून म्ताच्या कचेरीत भिंतीला लावा, संगणकातली फाइल तिथे कोणी उघडत नाही. आणि नाल्यांना तुमचे क्रमांक घालू नका, लोकांची नावं घाला. "डी-14 तुंबलाय" असा फोन कोणी करत नाही. "मशिदीमागचा तुंबलाय" असा करतात. कंपनीला क्रमांक हवाच असेल तर शेजारी बारीक अक्षरात टाका.