शाळेला गुरुजी हवा असेल तर पालकांनो, या चुका टाळा

सहा वर्षं मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. आजूबाजूच्या गावांतले पालक अजून त्याच चुका करून राहिले, म्हणून लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोच न घेता निवेदन देणं. आमच्या शाळेत पहिली ते चौथी 47 पोरं आणि गुरुजी एकच. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक लागतात. आम्ही पुढाऱ्याच्या दौऱ्यात निवेदन दिलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि चार महिने वाट पाहिली. शेवटी पंचायत समितीत गेलो, तर बाबूनं रजिस्टर उघडून विचारलं, "आवक नंबर सांगा ना भाऊ." नंबर असता तर सांगितला असता! आमचा कागद तिथं पोहोचलाच नव्हता. तेव्हापासून मी दोन प्रती नेतो. दुसऱ्या प्रतीवर निळा गोल शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. घरी ती प्रत सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवतो.

दुसरी चूक शाळेला कुलूप ठोकण्याची. तरण्या पोरांना हाच उपाय झटपट वाटतो, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. आमच्याकडे तीन दिवस कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेटसमोर दुसरीतली एक मुलगी ताट घेऊन बसलेली दिसली. माय निंदायला गेलेली, घराला कडी, आणि शाळेची खिचडी बंद. चौथ्या दिवशी शेजारच्या गावचे गुरुजी तात्पुरते मिळाले. त्यांच्या शाळेत मग एकच शिक्षक उरला, तिथले पालक चिडले आणि महिनाभरात गुरुजी परत गेले. म्हणजे एका गावच्या पोरांचा गुरुजी ओढून दुसऱ्या गावाला दिला. याला मी यश म्हणत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही जुलैतच समितीचा ठराव घेतला. एकच पान, एकच मागणी, वर्गवार पट आणि कायद्याचा आकडा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतही तो मंजूर करून घेतला. प्रती गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना दिल्या, तिन्हींची पोच घेतली. दर पंधरा दिवसांनी आवक नंबर घेऊन विचारायला जायचो. दुसरे गुरुजी पोळ्यानंतर रुजू झाले, कायमचे.

आमदारांचं पत्र जोडायला हरकत नाही, पण ठरावाच्या जागी ते चालत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नेमणूक आमदार करत नाहीत.

समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. नाव बायकोचं आणि सही नवऱ्याची, हे बंद करा. सभा बायांची कापूस वेचणी आटोपल्यावर, सांजेला घ्या.

आणि स्वतःची पोरं तालुक्याच्या कॉन्व्हेंटात घालून गावच्या शाळेला शिक्षक मागू नका. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पदच जातं, मग ठरावालाही वजन राहत नाही. आमच्याकडे शाळा जूनअखेरीस उघडते. त्याच आठवड्यात घरोघरी फिरा आणि दाखलपात्र पोरांची यादी स्वतः वहीत लिहून काढा.