या चुका टाळा: दवाखान्यातली सुई शेवटी मासीलाच टोचते

उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, दिवशी बडोद्याच्या कुठल्याही इमर्जन्सीत उभं राहून पाहा. मांजाने कापलेली बोटं, गाल, गळे, गच्चीवरून पडलेली मुलं, एकामागून एक येत राहतात. टाके घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, ड्रेसिंग करा, पुढचा घ्या. एका वर्षी १४ जानेवारीला आम्ही दोघी सिस्टर आणि एक ज्युनियर डॉक्टर रात्रीपर्यंत उभेच होतो. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाच्या सकाळी, मासीने वापरलेल्या प्लास्टिक सामानाची लाल पिशवी उचलली, ती चालताना मांडीला घासली आणि आतली टाक्याची वाकडी सुई साडीतून तिच्या मांडीत घुसली. (आमच्याकडे आयाबाईंना सगळे मासीच म्हणतात, मराठी घरातले डॉक्टरसुद्धा.) सुई कोणत्या पेशंटची हे सांगता येईना, कारण त्या पिशवीत दिवसभराचं सामान होतं. मासीला हेपॅटायटिस बीची (रक्तातून पसरणाऱ्या काविळीची) लस कधी दिलेलीच नव्हती.

तिचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, पण शेवटचा रिपोर्ट हातात यायला सहा महिने लागले. तेवढे महिने ती नातवाला ताटातला घास भरवायलाही घाबरायची. भरवल्याने हा आजार होत नाही हे आम्ही तिला समजावून सांगायचो, पण भीती काही जायची नाही. ती सुई माझ्या हातून त्या पिशवीत गेली की माझ्याबरोबरच्या सिस्टरच्या, हे आजही ठाऊक नाही. आमच्या दोघींपैकी एकीच्या हातून गेली, एवढं नक्की.

आता मी लहान नर्सिंग होममध्ये जाऊन इन्फेक्शन कंट्रोल शिकवते. बायोमेडिकल कचऱ्याचा, म्हणजे दवाखान्यातला कोणता कचरा कोणत्या रंगात टाकायचा याचा, रंगीत तक्ता प्रत्येक भिंतीवर असतो आणि तो बरोबरच असतो. चूक होते ती पलंग आणि डबा यांच्यामधल्या आठ-दहा पावलांत.

पांढरा डबा कोपऱ्यात ठेवणे

लाल पिशवीत सुया सापडत असतील तर स्टाफला रागवण्याआधी सुया-ब्लेडचा पांढरा डबा कुठे आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी तो ड्रेसिंग रूममध्ये असतो. सिस्टर पलंगाशी आयव्ही लावते, कॅन्युलाची सुई काढून किडनी ट्रेमध्ये ठेवते, तेवढ्यात शेजारचे काका हाक मारतात. ट्रेमध्ये कापूस, ग्लोव्ह्ज, प्लास्टर साचतं आणि शेवटी कुणीतरी सगळा ट्रे एकाच पिशवीत उलटा करतं. सुई हरवते ती इथे. उपाय साधा आहे: डबा ट्रॉलीवर बसवा आणि ट्रॉली पलंगापर्यंत न्या. डबा न फाटणारा, न गळणारा हवा आणि एकदा बंद केला की उघडता येऊ नये. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला भोक पाडून काम भागवणं दवाखान्यात चालत नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबून बसवताना किती बोटं टोचली गेली आहेत, ते मी पाहिलं आहे.

सुईला टोपण परत लावू नका. जुन्या सिस्टरांना ही सवय जात नाही, कारण आम्हाला शिकवतानाच टोपण लावायला शिकवलं होतं. अगदीच गरज पडली तर टोपण टेबलावर ठेवा आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवा. दुसरा हात पाठीमागे ठेवा. हातात सुई कापायचं कटर असेल तर सुई तिथेच कापा. सुई पांढऱ्या डब्यात जाते आणि सिरिंज लाल पिशवीत.

टाक्याच्या सुया आणि ब्लेड मोजून घ्या. ऑपरेशन थिएटरमध्ये मोजतात, इमर्जन्सीत कुणी मोजत नाही. उत्तरायणाचे दोन दिवस तरी मोजा.

रंग पाठ, कारण ठाऊक नाही

कोणती वस्तू कोणत्या रंगात हे विचारलं की सगळे धडाधड सांगतात. का, असं विचारलं की शांतता. कारण कळलं तर पाठ करायची गरजच उरत नाही. पिवळी पिशवी जाळायला जाते: रक्ताळलेला कापूस, बँडेज, बाळंतपणातली वार, शरीराचे भाग, मास्क, डायपर, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीतलं प्लास्टिक ऑटोक्लेव्ह होतं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होतं), त्याचे तुकडे होतात आणि पुढे ते पुन्हा वापरात येतं: आयव्ही सेट, सलाईनची बाटली, कॅथेटर, लघवीची पिशवी, सुई नसलेली सिरिंज, ग्लोव्ह्ज. निळ्यात औषधाच्या काचेच्या बाटल्या (व्हायल, अँप्युल) आणि शरीरातून काढलेले धातूचे इम्प्लांट. पांढऱ्यात टोकदार आणि धारदार सगळं.

पीव्हीसीची नळी पिवळ्यात गेली तर ती भट्टीत जाते, आणि क्लोरीनवालं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन, फ्युरान हे विषारी पदार्थ तयार होतात. ते आसपासच्याच हवेत जातात. म्हणूनच बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी क्लोरीनयुक्त पिशव्या आणि ग्लोव्ह्ज बंद करायला सांगितलं. गोंधळ नेहमीच्या चार-पाच जागी होतो. ग्लोव्ह्ज लाल, मास्क पिवळा. लघवीची पिशवी आधी रिकामी करायची, मग लाल. कॅन्सरच्या औषधाची व्हायल निळ्यात नाही, ती सायटोटॉक्सिकचं (पेशींना मारणाऱ्या औषधाचं) चिन्ह असलेल्या पिवळ्यात.

आणि सर्वांत महाग पडणारी चूक: सिरिंजचं कागदी पाकीट, औषधाचा खोका, चहाचा कप, केळ्याची साल पिवळ्या पिशवीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा साधा घरगुती स्वरूपाचा असतो. तुमची पिवळी पिशवी रोज जड भरत असेल तर आधी साधा कचरा मिसळतोय अशी शंका घ्या. पिशवी उघडून मात्र कधीच तपासू नका. डबे कुठे ठेवलेत, ते बघा. नातेवाईक बसतात तिथे साधा डबा नसला की ते जवळच्या पिवळ्यातच टाकणार. एकदा मिसळलेला कचरा परत वेगळा करायचा नसतो. जो करायला जाईल त्याच्याच हाताला सुई लागते.

सिरिंज न कापता सोडून देणे

हे सांगताना मी मोडासाचं नाव घेतेच. २००९च्या सुरुवातीला तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हेपॅटायटिस बीची साथ आली आणि कितीतरी माणसं दगावली. सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे ती पसरली. वापरलेल्या सिरिंजच्या भंगाराचा धंदाही त्या वेळी उघडकीला आला. मोडासा आमच्यापासून फार लांब नाही. तुमच्या दवाखान्यातून बाहेर पडलेली अखंड सिरिंज कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून सुई कापा, नळ्या कापा, ग्लोव्ह्ज कापा, आणि पिशवीवर बारकोड लावूनच ती कचरा नेणाऱ्या गाडीत द्या. सफाई कामदाराला भंगारवाल्याकडून काही पैसे मिळत असतील तर त्याच्यावर ओरडून काही होणार नाही. कचऱ्याच्या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली सिस्टर इन-चार्जकडे ठेवा.

याच धाग्यातली आणखी एक सवय. अनेक डोसची व्हायल फ्रिजमध्ये, आणि तिच्या रबरात सुई तशीच खोचून ठेवलेली, पुढच्या वेळी औषध काढायला सोपं जावं म्हणून. ती सुई म्हणजे जंतूंना आत जायचा उघडा रस्ता. दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज, आणि रबर आधी स्पिरिटने पुसून. पेशंट बदलला की सिरिंजही बदला, फक्त सुई बदलून चालत नाही.

हायपोक्लोराइट वासावरून बनवणे

"वास येतोय म्हणजे चांगलं आहे," असं मला किमान वीस ठिकाणी ऐकायला मिळालं आहे. हायपोक्लोराइट म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण (ब्लीच), आणि वासावरून त्याची ताकद कळत नाही. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ टक्का द्रावणासाठी एक भाग औषध आणि चार भाग पाणी. १० टक्के असेल तर एक भाग औषध आणि नऊ भाग पाणी. मोजायला मापाचा मग घ्या, अंदाजाचा लोटा नको. हायपोक्लोराइट उजेडात आणि उष्णतेत मरतं, आणि बडोद्याचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. गच्चीवरच्या स्टोअरमध्ये सहा महिने पडलेल्या कॅनवर लिहिलेला टक्का फक्त कॅनवरच उरलेला असतो. कॅन लहान घ्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, द्रावण रोज ताजं बनवा आणि बादलीवर वेळ लिहा. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या मिळतात, त्या स्वस्त आहेत.

रक्त सांडलं की त्यावर थेट द्रावण ओतून पुसून टाकणं ही दुसरी चूक. रक्तासमोर क्लोरीन आपली ताकद खर्च करून टाकतो. आधी ग्लोव्ह्ज घाला, काच असेल तर चिमट्याने उचला, कापूस किंवा जुन्या कागदाने रक्त टिपून पिवळ्या पिशवीत टाका. मग १ टक्का द्रावण ओता आणि किमान दहा मिनिटं थांबा. हे थांबणंच कुणाला जमत नाही. मासी लगेच पोछा मारते, कारण मागून कुणीतरी "जल्दी करो" म्हणत असतं.

आणि हायपोक्लोराइटमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरू शकतो.

ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुतले असं समजणे

ग्लोव्ह्ज घालून ड्रेसिंग, त्याच हाताने दाराची कडी, फाइल, मोबाइल, पुढच्या पेशंटचा पडदा. ग्लोव्ह्ज तुमचं रक्षण करतात, पुढच्या पेशंटचं नाही. काढल्यावर हात धुवायचेच. अल्कोहोल रबने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६०. जुलाब असलेल्या पेशंटजवळून आलात तर साबणच वापरा, क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. बांगड्या आणि अंगठ्या ड्युटीवर नकोत. हे सांगताना मला जरा जड जातं, कारण मंगळसूत्र आणि बांगड्यांवरून घरी काय ऐकावं लागतं ते मलाही ठाऊक आहे. तरीही नकोत.

लादीबद्दल थोडंसं. वॉर्डात झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या पोछ्याने स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे जा. आयसोलेशनचा पोछा वेगळा ठेवा.

टोचल्यावर बोट पिळणे, चोखणे, लपवणे

सुई टोचली की रक्त दाबून काढायला सगळे धावतात. दाबू नका, चोखू नका, हायपोक्लोराइट किंवा स्पिरिट लावू नका. वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर उपयोग नाही. सुरू केली तर २८ दिवस पूर्ण घ्यायची. लस न घेतलेल्या माणसासाठी मोठी भीती हेपॅटायटिस बीची असते: पेशंट अतिसंसर्गी असेल तर धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. हेपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस जिवंत राहू शकतो, म्हणजे कालची सुईही आजचीच समजा.

मासी सांगत नाही, कारण पगार कापला जाईल असं तिला वाटतं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस असेल तर आणखीच गप्प बसतो. ज्या दवाखान्यात अपघाताच्या वहीत वर्षभर एकही नोंद नाही, तिथे मला काळजी वाटते. हेपॅटायटिस बीची लस ० महिना, १ महिना आणि ६ महिने अशी तीन डोसांत, मासी, वॉर्डबॉय, सफाई कामदार, सगळ्यांना. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करा. आकडा १० mIU/mL किंवा त्याहून जास्त हवा. नियमही कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायला सांगतात आणि वर्षातून एकदा तरी ट्रेनिंग द्यायला सांगतात. ट्रेनिंग गुजरातीत द्या, हिंदीत द्या. आमच्या मासीला इंग्रजी तक्त्यातला एक शब्दही वाचता येत नव्हता.

कचऱ्याची खोली तळघरात

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावर आणि तळघरात जे होतं ते भिजलं. पिशव्या ठेवायची जागा उंच, कुलूपबंद, कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशी हवी. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त साठवायचा नाही. पुरात गाडी आली नाही तर लगेच कळवा. पावसाळ्यापूर्वी गाडीवाल्यांशी बोलून ठेवा, आणि जास्तीच्या पिशव्या वरच्या मजल्यावर ठेवा. लॅबच्या कल्चर प्लेट आणि रक्ताच्या पिशव्या तर दवाखान्यातच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यायच्या असतात, त्या तशाच पडून राहता कामा नयेत.

डिस्चार्ज देताना सुयांबद्दल न बोलणे

घरी इन्सुलिन घेणारे आजी-आजोबा सुया कचऱ्याच्या साध्या पिशवीत टाकतात. सकाळी ती दारावरच्या गाडीत जाते, आणि तिथेही कुणाचा तरी हात असतोच. डिस्चार्जच्या कागदाबरोबर दोन मिनिटं काढा. जाड प्लास्टिकची, झाकण घट्ट बसणारी बरणी घ्यायला सांगा, सुया थेट तिच्यात टाकायला सांगा, बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायला सांगा. आणि तीन चतुर्थांश भरली की झाकण टेप लावून बंद करून तपासणीला येताना दवाखान्यात परत आणायला सांगा. तुमच्या पांढऱ्या डब्यात तेवढी जागा असू द्या.